खानदेशातून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि व्यवसायाच्या मास्टर्सकडे: तयारी कुठून सुरू करायची

19 ऑगस्ट 2025 ला केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्याच्या 27 तारखेपासून अमेरिकेनं बऱ्याचशा भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्या आठवड्यात धरणगावकडची माझी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, शुल्क लावलं अमेरिकेनं, तेही कपड्यांवर. मग आमचे पप्पा कापसाच्या भावाची काळजी का करताहेत? बोंडं तर अजून फुटलीही नाहीत."

तिला मी फळ्यावर साखळी काढून दाखवली. कपड्यांची निर्यात अडली की कापड उद्योग स्वस्त कच्चा माल मागतो. शुल्क उठलं की ब्राझीलची, अमेरिकेची, ऑस्ट्रेलियाची रुई बंदरावर स्वस्तात उतरते. सूतगिरणी मग जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्याला, कमी भाव सांगते, आणि जिनिंगवाला तोच आकडा खेडा खरेदीत आपल्या ओट्यापर्यंत आणतो. ही साखळी मोजायला, तपासायला आणि तिच्यातला कोणता दुवा कच्चा आहे ते पुराव्यानं सांगायला शिकणं म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र. त्याच साखळीत एखादी कंपनी कुठे उतरते, कोणत्या देशात जाते आणि का जाते, हे शिकणं म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवसाय.

मी यावल तालुक्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बीकॉम केलं, जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स केलं आणि आता जळगाव जिल्ह्यातच शिकवते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. माझं ठाम मत आधीच सांगते. आपल्या मुलांना इंग्रजी अडवत नाही, पैसाही शेवटी कुठून तरी उभा राहतो. अडवतं ते गणित, आणि त्याची तयारी अर्ज भरायच्या वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

आधी ठरवा: अर्थशास्त्र की व्यवसाय

नावं फसवी असतात. "इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स", "इंटरनॅशनल बिझनेस", "इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स अँड बिझनेस", "एमबीए इंटरनॅशनल बिझनेस" या चार पाट्यांखाली चार वेगळ्या गोष्टी शिकवतात. पाटी बाजूला ठेवा आणि पहिल्या सत्राचे विषय वाचा. सूक्ष्म अर्थशास्त्र, समष्टी अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) हे तिन्ही सक्तीचे असतील, तर तो अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम. मार्केटिंग, मनुष्यबळ, हिशोबशास्त्र, पुरवठा साखळी दिसली, तर तो व्यवस्थापनाचा. दोन्हींचा खराखुरा मेळ घालणारे अभ्यासक्रम थोडे आहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाचा एक वर्षाचा एमएस्सी त्यातला एक.

तुमचा कल कुठे आहे ते पाहायला एक गणित देते. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव सेंट प्रति पौंड असा निघतो. आपल्याकडे तो रुपये प्रति खंडी. खंडी 356 किलोची, म्हणजे साधारण 785 पौंड. समजा भाव 70 सेंट आणि डॉलर 85 रुपयांना. 785 गुणिले 0.70 म्हणजे जवळपास 549 डॉलर, म्हणजे खंडीला सुमारे 46,700 रुपये. आता त्यात जहाजभाडं, विमा, शुल्क मिळवा आणि आपल्या जिनिंगमधल्या भावाशी ताडून पाहा. फरक दिसल्यावर "हा फरक का टिकून आहे?" असं मनात आलं, तर अर्थशास्त्राकडे जा. "या फरकात धंदा कसा करता येईल?" असं आलं, तर व्यवसायाकडे. दोन्ही प्रश्न सारख्याच मोलाचे आहेत, पण वर्गखोल्या वेगळ्या आहेत.

गणित: इथे वर्ष गेलं तरी चालेल

बारावी कॉमर्सला गणित सोडलेलं, पदवीला अर्थशास्त्र आकृत्यांवर निभावलेलं. आपल्याकडच्या दहातल्या आठ मुलांची ही गोष्ट, आणि माझीही हीच होती. पहिल्या वर्षी एका विद्यापीठानं मला नाकारलं ते टक्क्यांमुळे नव्हे. पदवीत गणित आणि संख्याशास्त्राचे जेवढे श्रेयांक (क्रेडिट्स) त्यांना हवे होते, तेवढे माझ्याकडे नव्हते. तेव्हा फार रडले. आज वाटतं, तसाच प्रवेश मिळाला असता तर पहिल्याच सत्रात बुडाले असते.

गणित का लागतं ते विषयाच्या आतूनच बघा. रिकार्डोनं 1817 मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभ (जे तुलनेनं स्वस्तात बनतं ते बनवा, बाकीचं विकत घ्या) हातानं सोडवता येतो. दोन देश, दोन वस्तू, थोडी बेरीज-वजाबाकी. पण गाडी तिथे थांबत नाही. एकसारख्याच मालाचा व्यापार एकसारखे देश आपसात का करतात, हे पॉल क्रुगमननं 1979 पासून दाखवलं. त्यांना 2008 चं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. मार्क मेलिट्झनं 2003 मध्ये पुढचा प्रश्न घेतला: एकाच उद्योगातल्या काही कंपन्या निर्यात करतात, बाकीच्या का करत नाहीत? उत्तर असं की निर्यातीला आधी एक ठोक खर्च लागतो, आणि तो फक्त जास्त उत्पादक असणाऱ्यांनाच झेपतो.

हे उत्तर रावेरच्या शिवारात उभं राहून वाचा. घडाला पिशवी घालणं, फण्या धुऊन खोक्यात भरणं, पॅकहाऊस, प्रीकूलिंग, 13-14 अंशांवर चालणारा रीफर, म्हणजे थंड कंटेनर. एवढं उभं करणाऱ्याची केळी दुबईला जाते, शेजारच्याची तशीच चांगली केळी ट्रकमध्ये भरून उत्तर भारतात जाते. मेलिट्झचं प्रारूप आपल्या बांधावर चालू आहे. फक्त कागदावर ते संभाव्यता वितरण आणि कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) भाषेत लिहिलेलं असतं, आणि ती भाषा येत नसेल तर शेत समोर असूनही वाचता येत नाही.

म्हणून आठ ते दहा महिने रोज दीड तास द्या. क्रम असा ठेवा. आधी अकरावी-बारावी विज्ञानाचं गणिताचं पुस्तक: फलन, लॉगॅरिदम, अवकलन. मग अंशतः अवकलज आणि लाग्रांज गुणक, कारण उपभोक्ता असो की कंपनी, सगळं त्यावरच चालतं. मग मॅट्रिक्स. शेवटी संभाव्यता, गृहीतक चाचणी आणि प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे एका आकड्याबरोबर दुसरा किती बदलतो ते काढणं). स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर हे सगळं फुकट आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्या, ते अर्जाला जोडता येतं. व्हिडिओ नुसता पाहू नका. वही घ्या, प्रत्येक उदाहरण झाकून स्वतः सोडवा. लॉगॅरिदमला जास्त वेळ द्या, त्याचं कारण लगेच खाली येतंय.

आपल्या गावचा माल घ्या आणि आकडे काढा

ही पायरी कुठल्याच समुपदेशकानं मला सांगितली नव्हती, आणि माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला.

जगभरच्या व्यापारात प्रत्येक मालाला एचएस कोड असतो. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. केळी 0803, रुई 5201, तूर 071360, वाटाणा 071310, वाळलेली अख्खी मिरची 090421, सोनं 7108. म्हणजे रावेरची केळी, धरणगावचा कापूस, जळगावच्या दालमिला आणि सराफ बाजार, नंदुरबारची मिरची, सगळा खानदेश या सहा कोडांत बसतो. एक माल निवडा. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड संकेतस्थळावर आणि आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत त्याची दहा वर्षांची आकडेवारी मिळते.

केळी घेतलीत असं धरू. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2021 च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची 20 टन मानांकित केळी दुबईला गेली. 20 टन म्हणजे साधारण एक चाळीस फुटी रीफर. आता भारताची केळी कोणकोणत्या देशांना जाते ते उतरवा. इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती ही नावं वर दिसतील. प्रत्येक देशासमोर त्याचं राष्ट्रीय उत्पन्न आणि भारतापासूनचं अंतर लिहा. सीईपीआयआय या फ्रेंच संस्थेकडे देशादेशांतल्या अंतराचा तयार डेटा मोफत आहे.

यान टिनबर्गेननं 1962 मध्ये मांडलेलं गुरुत्व प्रारूप इथे लागतं. दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारानुसार वाढतो आणि अंतरानुसार घटतो, न्यूटनच्या नियमासारखा. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की हा गुणाकार बेरीज होतो, आणि साधं प्रतिगमन चालवता येतं. अंतर दुप्पट झालं की व्यापार ढोबळमानानं निम्म्यावर येतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या केळीत तो अर्ध्याहूनही खाली आला, तर घाबरू नका. केळी नाशवंत आहे. तो आकडा चूक नाही, तीच तुमची पहिली गोष्ट आहे.

काम करताना दोन खड्डे लागतील. निर्यातदार देश किंमत एफओबी लिहितो, म्हणजे बंदरावर जहाजात चढेपर्यंतची. आयातदार देश बहुधा सीआयएफ लिहितो, म्हणजे विमा आणि भाडं धरून. त्यामुळे एकाच मालाचे दोन आकडे जुळत नाहीत, आणि दुबईसारख्या ठिकाणाहून माल पुढे जात असेल तर आणखीनच गोंधळ होतो. दुसरा खड्डा शून्यांचा. बऱ्याच देशांशी केळीचा व्यापार शून्य असतो आणि शून्याचा लॉग निघत नाही. यावर सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांनी 2006 मध्ये सुचवलेली प्वासाँ पद्धत वापरतात. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ती चालवता येते. एवढं जमलं की चार पानांचं टिपण लिहा. प्रवेश समितीला तुम्ही कोण आहात ते या चार पानांतून जितकं कळेल, तितकं शिफारसपत्रातून कळणार नाही.

कुठे शिकायचं

देशातच शिकायचं तर पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था सगळ्यात आधी पाहा. 1930 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आंतरराष्ट्रीय व्यवसाय अर्थशास्त्र आणि वित्त या विषयाचाच एमएस्सी आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये जागतिक अर्थव्यवस्था हे विशेषीकरण घेऊन एमए करता येतं. त्याचा प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून होतो आणि फी अगदी कमी आहे. 1963 पासूनची भारतीय विदेश व्यापार संस्था, म्हणजे आयआयएफटी, तिचा एमबीए व्यवसायाकडे कल असणाऱ्यांसाठी, एमए इकॉनॉमिक्स अर्थशास्त्राकडे कल असणाऱ्यांसाठी. एमबीएला आता कॅटचे गुण लागतात. पुण्यातल्या सिंबायोसिसच्या आंतरराष्ट्रीय व्यवसाय संस्थेला, म्हणजे एसआयआयबीला, स्नॅप परीक्षा. कॅट नोव्हेंबरअखेर असते, स्नॅप डिसेंबरात. म्हणजे कापूस वेचणी ऐन भरात असते तेव्हा. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या महिन्यात अभ्यास होत नाही.

बाहेर जायचं तर जर्मनीचा विचार खानदेशातल्या घराला पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात झेपणारा वाटतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सत्रागणिक शंभर ते चारशे युरोंचं शुल्क असतं. ग्योटिंगनमध्ये आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. ट्युबिंगनमध्येही आहे, पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, आणि तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1500 युरो द्यावे लागतात. ब्रिटनचं ससेक्स आणि जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट या विषयात नावाजलेल्या आहेत, पण दोन्ही ठिकाणं महाग.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या. आपली तीन वर्षांची पदवी सगळीकडे पुरेशी धरत नाहीत. विद्यापीठाला साधा ईमेल करा, विषय-यादी जोडा, उत्तर जपून ठेवा.

कागद

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून अंतिम वर्षाच्या निकालाची वाट पाहत बसू नका, पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिका तयार ठेवा. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30.

आपले टक्के त्यांच्या श्रेणीत कसे बदलतात ते घरीच काढा. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांनी भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. कमाल 100, उत्तीर्ण 40 आणि तुम्हाला 68 असतील, तर 32 भागिले 60 गुणिले 3 अधिक 1, म्हणजे 2.6. तिथे 1 सर्वोत्तम. अनेक विद्यापीठं 2.5 ची अट घालतात, म्हणजे आपल्या हिशोबात बरोबर 70 टक्के. दोन टक्क्यांसाठी शेवटच्या सत्रात जीव तोडून अभ्यास करणं इथे खरोखर कामाला येतं.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे अभ्यासक्रमाचं वर्णन. गुणपत्रिकेवर नुसतं "बिझनेस इकॉनॉमिक्स 2" लिहिलेलं असतं. त्यात काय शिकवलं ते जर्मनीतल्या प्राध्यापकाला कसं कळणार? प्रत्येक विषयाचा उमविचा, म्हणजे आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा, छापील अभ्यासक्रम घ्या, त्यातले घटक, तास आणि पुस्तकं इंग्रजीत एका तक्त्यात मांडा, कॉलेजचा शिक्का घ्या. माझे श्रेयांक कमी धरले गेले त्यात याचाही वाटा होता. "स्टॅटिस्टिक्स" एका विषयाच्या पोटात दडलेलं होतं आणि ते मी कुणाला दाखवलंच नाही.

उद्देशपत्रात "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड" असं लिहू नका. केळीचं ते चार पानांचं टिपण, त्यातून पडलेला एक प्रश्न, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय तो सोडवायला लागेल, एवढंच लिहा.

पैसा आणि सातबारा

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, महिन्याला 992 युरो. हा आकडा सप्टेंबर 2024 पासूनचा. युरो शंभरच्या आसपास धरला तरी बारा लाख रुपये झाले. हे पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला तुम्हालाच परत मिळतात. पण आधी उभे करावे लागतात.

इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. वडील म्हणतात, "पाच एकर आहे, बँक देईल." बँक देत नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर बहुधा तारण लागतं, आणि 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 31 नं शेतजमिनीला त्या कायद्याच्या वसुलीतून वगळलेलं आहे. कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे, पण त्याचाच परिणाम असा की बँका सातबारा तारण म्हणून घ्यायला तयार नसतात. एनए प्लॉट, गावठाणातलं नोंद असलेलं घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी लागते. घराची कागदपत्रं आजोबांच्या नावावर अडकलेली असतात आणि वारस नोंद व्हायला महिने जातात. ते काम गणिताच्या वहीबरोबरच सुरू करा. आणि एजंटला टोकन देण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत दोनदा जाऊन या.

शिष्यवृत्त्या खऱ्या आहेत, आणि आपल्या भागातून त्यांना अर्ज फार कमी जातात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची आणि केंद्राचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. नंदुरबार, तळोदा, यावल किंवा धुळे प्रकल्प कार्यालयात जाऊन त्या वर्षाची जाहिरात मागा. अट बहुधा विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची असते, त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधी ती वाचा, नंतर नाही. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर सगळं तिथेच थांबतं. युरोपातल्या एरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीत महिन्याला 1400 युरो मिळतात आणि फीही नसते. स्पर्धा मोठी आहे, तरी अर्ज करा.

पोहोचल्यावर

पहिलं सत्र जड जातं, सगळ्यांनाच. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात शक्यतो करू नका. अर्थमितीचा पेपर राहिला तर पुढचं सगळं लांबतं. व्यापार, विनिमय दर आणि अर्थमिती हे तिन्ही घ्याच. उरलेल्या जागी बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचा एखादा विषय घ्या. आपल्याच परिसरातली ठिबकची, टिश्यूकल्चरची कंपनी बाहेरच्या देशांत कशी गेली ते तेव्हा नीट उलगडतं.

प्रबंधासाठी विषय शोधत बसावं लागणार नाही. 2022 च्या मे महिन्यापासून भारत-अमिराती करार लागू आहे. त्यानं केळीला काय झालं? जुलै 2024 ला सोन्यावरचं शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. त्यानं सराफ बाजाराचं काय झालं? डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला, तेव्हा हरभऱ्याच्या भावाचं काय झालं? हे प्रश्न तिथल्या प्राध्यापकांना नवे असतात, आणि आकडे समजावून सांगायला तुमच्याकडे बाजार समितीतला माणूस असतो. नात्यातला कुणी अडत्या, कुणी दालमिलवाला. निघण्याआधी त्यांच्याकडे बसून या, भाव लिहिलेल्या जुन्या वह्यांचे फोटो काढून घ्या. ती आकडेवारी कुठल्याच संकेतस्थळावर नाही.

आणि निघण्याच्या महिनाभर आधी बांभोरीला विद्यापीठात जाऊन गुणपत्रिकांच्या ट्रान्स्क्रिप्टचे किमान पाच सीलबंद संच घ्या. पुढे पीएचडीला, नोकरीला ते पुन्हा लागतात, आणि तेव्हा धाकट्या भावाला कॉलेज बुडवून खिडकीसमोर उभं राहावं लागतं.